प्रिन्स एडवर्ड आयलंड: कॅनडाच्या बेटप्रांताविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या दहा प्रांतांपैकी क्षेत्रफळाने आणि लोकसंख्येनेही सर्वांत लहान असलेला प्रांत म्हणजे प्रिन्स एडवर्ड आयलंड. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला हा त्या देशातील एकमेव प्रांत आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे जाण्याचा विचार करणारे, गेलेल्यांचे नातेवाईक आणि निव्वळ कुतूहल असणारे वाचक या बेटाविषयी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे दोन वाक्यांत आटोपतात, तर काहींसाठी अडीचशे वर्षे मागे जावे लागते.

हे बेट नेमके कोठे आहे आणि केवढे आहे?

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला सेंट लॉरेन्सचे आखात आहे आणि त्या आखाताच्या दक्षिण भागात हे बेट आडवे पसरलेले आहे. नॉर्थम्बरलँडची सामुद्रधुनी त्याला न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया या शेजारच्या प्रांतांपासून वेगळे करते. क्षेत्रफळ सुमारे ५,६६० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साधारण दीडपट. लांबी सुमारे २२४ किलोमीटर असली तरी रुंदी कोठे साठ किलोमीटरच्या आसपास, तर कोठे जेमतेम सहा किलोमीटर भरते, कारण खाड्यांनी दोन्ही बाजूंनी आत शिरून बेटाचे जवळजवळ तीन तुकडे केलेले आहेत. बेटावर कोठेही उभे राहिले तरी समुद्र सोळा किलोमीटरपेक्षा दूर नसतो. सर्वांत उंच जागा १४२ मीटर उंचीची आहे. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला तिला डोंगर म्हणणे जड जाईल. तेथील भूमी शेतांनी आणि झाडीच्या पट्ट्यांनी भरलेल्या, संथपणे चढत-उतरत जाणाऱ्या टेकाडांची आहे.

प्रशासकीय सोयीसाठी प्रांताचे पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रिन्स, क्वीन्स आणि किंग्ज असे तीन परगणे पाडलेले आहेत. राजधानी शार्लटटाउन मधल्या परगण्यात आहे आणि दुसरे शहर समरसाइड पश्चिमेच्या परगण्यात.

तेथील माती इतकी लाल का दिसते?

बेटाच्या पोटात पर्मियन काळातील, म्हणजे डायनोसॉर अवतरण्याच्याही आधीचा, मऊ वालुकाश्म आहे आणि त्यात लोह भरपूर आहे. हवेशी संयोग होऊन त्या लोहाचे ऑक्साइड बनते, सोप्या भाषेत त्याला गंज चढतो, आणि खडक, माती, किनाऱ्यावरील कडे व पावसाळी दिवसांत ओढ्यांचे पाणीसुद्धा तांबडे दिसू लागते. कोकणातील जांभ्याचा तांबडेपणाही लोहाचाच असल्याने छायाचित्रे पाहून अनेकांना रत्नागिरीची आठवण येते. पण हे साम्य रंगापुरतेच आहे. जांभा हा उष्ण प्रदेशातील मुसळधार पावसाने मूळ खडकातील इतर द्रव्ये धुऊन नेल्यामुळे मागे उरलेला कठीण थर असतो, तर बेटावरील वालुकाश्म नद्यांनी आणलेल्या गाळातून बनला आहे आणि तो इतका ठिसूळ असतो की काही ठिकाणी हातानेही चुरता येतो. या ठिसूळपणाचा एक फायदा आणि एक तोटा आहे. त्यापासून बनलेली माती दगडगोटे नसलेली, भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी असल्याने कंदपिकांना मानवते. त्याच कारणाने किनारा मात्र समुद्रापुढे टिकत नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी हा सारा प्रांत भूजलावर अवलंबून आहे. त्यामुळे शेतातील नायट्रेट खाली झिरपून विहिरींत उतरण्याचा प्रश्न तेथे थेट घराच्या नळापर्यंत येतो.

हवामान कसे असते?

जानेवारीत सरासरी तापमान शून्याखाली सात-आठ अंशांवर असते आणि हिवाळ्याभरात शार्लटटाउनमध्ये पावणेतीन ते तीन मीटर हिम पडते. सामुद्रधुनीचे पाणी गोठते आणि वसंतातही बर्फ रेंगाळत असल्याने उबदार दिवस उशिरा येतात. उन्हाळा मात्र सुखद असतो. सामुद्रधुनी उथळ असल्यामुळे ऑगस्टमध्ये तिचे पाणी पोहण्याइतके ऊबदार होते, आणि ही गोष्ट त्या अक्षांशावर सहज मिळणारी नाही.

बेटाचे मूळ रहिवासी कोण आणि हे नाव कोठून आले?

हजारो वर्षांपासून येथे मिकमॉ लोक राहत आले आहेत. त्यांच्या भाषेत बेटाला एपेकविट्क म्हणतात आणि त्याचा अर्थ लाटांवर विसावलेले असा सांगितला जातो. लेनॉक्स आयलंड आणि अॅबेगविट हे त्यांचे दोन मान्यताप्राप्त समाज आज प्रांतात आहेत.

१५३४ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए येथे पोहोचला. फ्रेंचांनी बेटाला इल सँ-जाँ हे नाव दिले आणि १७२० मध्ये आजच्या शार्लटटाउनसमोरील किनाऱ्यावर वसाहत केली. या फ्रेंचभाषक शेतकऱ्यांना अकेडियन म्हणतात. १७५८ मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतले आणि सुमारे तीन हजार अकेडियनांना जहाजांत भरून फ्रान्सकडे रवाना केले. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक जहाजे बुडून किंवा रोगराईने वाटेतच मेले. जंगलात लपून राहिलेल्यांचे व नंतर परतलेल्यांचे वंशज आज प्रामुख्याने बेटाच्या पश्चिम भागात राहतात आणि त्यांच्या गावांत फ्रेंच अजून ऐकू येते.

आजचे नाव १७९९ पासूनचे आहे. तेव्हा उत्तर अमेरिकेत सेनाधिकारी असलेल्या राजपुत्र एडवर्डच्या, म्हणजे पुढे राणी झालेल्या व्हिक्टोरियाच्या वडिलांच्या सन्मानार्थ ते ठेवले गेले.

बेटाच्या इतिहासात जमिनीचा प्रश्न एवढा महत्त्वाचा का मानतात?

या बेटाविषयी एकच गोष्ट समजून घ्यायची असेल, तर ती ही. सॅम्युअल हॉलंड या भूमापकाने १७६४-६५ मध्ये बेटाची मोजणी करून त्याचे प्रत्येकी सुमारे २०,००० एकरांचे ६७ तुकडे पाडले. १७६७ मध्ये लंडनमध्ये सोडत काढून एकाच दिवसात ते तुकडे लष्करी अधिकारी, व्यापारी आणि दरबारी वजन असलेल्या मंडळींना वाटून टाकण्यात आले. जमिनीवर वसाहत करावी आणि सरकारला ठरलेली रक्कम भरावी, अशी अट होती. बहुतेकांनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत, अनेकांनी बेट कधी डोळ्यांनी पाहिलेही नाही, तरीही मालकी त्यांचीच राहिली.

स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडमधून पुढे जी कुटुंबे आली, ती जमीनदाराच्या जाचातून सुटण्यासाठी आली होती. समुद्र ओलांडून आल्यावर ती पुन्हा कुळेच झाली. रान तोडायचे त्यांनी, जमीन कसायची त्यांनी आणि खंड जायचा लंडनला. खोताला मक्ता मोजणाऱ्या कोकणातील कुळाला ही कहाणी वेगळी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. फरक एवढाच की खोत निदान गावात दिसत तरी असे.

१८६४ मध्ये कुळांनी संघ स्थापन केला आणि खंड न देण्याची शपथ घेतली. वसुलीला येणाऱ्या शेरीफच्या माणसांना अडवण्यासाठी शिंगे फुंकून गावाला जागे केले जाई. कोकणातील चरी गावच्या कुळांच्या संपाला तेव्हा सत्तर वर्षे अवकाश होता. १८६५ मध्ये हॅलिफॅक्सहून सैन्य आणावे लागले आणि संघ मोडला गेला, पण प्रश्न मिटला नाही. १८७३ मध्ये बेट कॅनडात सामील झाले, तेव्हाच्या अटींमध्ये जमीनदारांकडून जमीन विकत घेण्यासाठी आठ लाख डॉलरची तरतूद होती, आणि १८७५ च्या कायद्याने जमीनदारांना विक्री सक्तीची करण्यात आली. एका जमीनदारीणबाईंनी त्याला आव्हान दिले. तो खटला नव्यानेच स्थापन झालेल्या कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्या हरल्या.

हा इतिहास संपला असे समजू नये. १९८२ च्या भूसंरक्षण कायद्यानुसार बेटावर एका व्यक्तीला १,००० एकरांपेक्षा आणि एका कंपनीला ३,००० एकरांपेक्षा अधिक जमीन बाळगता येत नाही. प्रांताबाहेरील माणसाला पाच एकरांपेक्षा किंवा १६५ फुटांच्या किनाऱ्यापेक्षा अधिक काही घ्यायचे असल्यास सरकारची परवानगी लागते. मोठे शेतीउद्योग अनेक नावांनी कंपन्या काढून या मर्यादेला वळसा घालतात, ही तक्रार बेटावर वारंवार ऐकू येते आणि निवडणुकांत तिच्यावर वादही होतात. कमाल जमीनधारणेच्या कायद्यातून वाटा कशा काढल्या जातात, हे महाराष्ट्रातील वाचकाला ठाऊक आहेच.

कॅनडाचा जन्म या बेटावर झाला, हे खरे आहे काय?

अर्धे खरे आहे. सप्टेंबर १८६४ मध्ये शार्लटटाउन येथे जी परिषद भरली, ती मूळची किनारी वसाहतींच्या आपापसातील एकीकरणाची चर्चा करण्यासाठी होती. आजच्या ओंटारिओ आणि क्वेबेकचे प्रतिनिधी तिला पाहुणे म्हणून आले आणि त्यांनी मोठ्या संघराज्याची कल्पना पुढे मांडली. योगायोगाने त्याच दिवसांत वीसहून अधिक वर्षांनी शहरात सर्कस आलेली होती. मुक्कामाच्या जागा भरून गेल्या होत्या आणि पाहुण्यांतील बऱ्याच जणांना आपल्या जहाजावरच झोपावे लागले.

गमतीचा भाग असा की १८६७ मध्ये कॅनडा स्थापन झाला, तेव्हा यजमान बेटाने त्यात सामील होण्यास नकार दिला. सहा वर्षांनी ते तयार झाले, त्यामागे आगगाडीचे कर्ज होते. १८७१ मध्ये बेटाने लोहमार्ग बांधायला घेतला, पण कंत्राटात मैलामागे दर ठरवला आणि एकूण लांबी ठरवलीच नाही. परिणामी मार्ग वळणे घेत घेत गावोगाव फिरला, कर्ज वाढत गेले, आणि ते कॅनडाने उचलावे म्हणून १ जुलै १८७३ रोजी बेट संघराज्यात गेले. हा लोहमार्ग १९८९ अखेर बंद झाला. त्याच वळणावळणांच्या वाटेवर आज चारशेहून अधिक किलोमीटरचा पायी व सायकलने जाण्याचा मार्ग आहे, आणि सायकलस्वाराला त्या जुन्या कंत्राटाबद्दल मुळीच तक्रार नसते.

बेटावर ये-जा कशी होते?

१९९७ पूर्वी हा प्रश्न बेटाच्या जिवाभावाचा होता. एकोणिसाव्या शतकात हिवाळ्यात टपाल आणि प्रवासी बर्फहोड्यांतून जात. पाणी मोकळे असेल तेथे होडी वल्हवायची आणि बर्फ लागला की उतरून ती ओढत न्यायची, अशी ही तऱ्हा होती; ओढायला हात लावणाऱ्या प्रवाशाला भाडे कमी पडे. म्हणूनच सामीलीकरणाच्या वेळी हिवाळा-उन्हाळा अखंड आगबोट चालवण्याची जबाबदारी कॅनडाने घ्यावी, ही अट बेटाने घातली होती आणि ती राज्यघटनेचा भाग बनली.

आगबोटीऐवजी पूल बांधावा की नाही, यावर जानेवारी १९८८ मध्ये सार्वमत झाले आणि सुमारे ५९ टक्के लोकांनी पुलाच्या बाजूने मत दिले. उरलेल्या लोकांचा विरोध केवळ भावनिक नव्हता. पुलाच्या खांबांमुळे बर्फ अडून मासेमारीचा हंगाम लांबणीवर पडेल, अशी कोळ्यांना भीती होती. आगबोटींवर काम करणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न होता. आणि जोडले गेलेले बेट हे बेट राहते काय, असेही अनेक जण विचारत होते. अखेर राज्यघटनेत दुरुस्ती करून आगबोटीच्या जागी पूल आणण्यात आला आणि ३१ मे १९९७ रोजी १२.९ किलोमीटर लांबीचा कॉन्फेडरेशन पूल खुला झाला. गोठणाऱ्या पाण्यावरील जगातील सर्वांत लांब पूल म्हणून तो ओळखला जातो. पाण्याच्या पातळीवर त्याच्या खांबांना शंकूच्या आकाराचे कवच आहे. वाहत येणारा बर्फ त्या उतारावर चढतो आणि आपल्याच वजनाने मोडून पडतो.

पुलावरून पायी किंवा सायकलने जाता येत नाही. पथकर फक्त बेट सोडताना भरावा लागतो, येताना नाही. मोटारीला तो पन्नास डॉलरच्या वर गेला होता. ऑगस्ट २०२५ पासून तो वीस डॉलरवर आणण्यात आला. पूर्वेकडील वुड आयलंड्स येथून नोव्हा स्कोशियाला साधारण मे ते डिसेंबर या काळात फेरीबोट चालते. विमानतळ शार्लटटाउनला आहे. भारतातून थेट विमान नाही. टोरांटो किंवा मॉन्ट्रियल येथे विमान बदलावे लागते.

बेटावर किती लोक राहतात आणि ते कोण आहेत?

२०२१ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या १,५४,३३१ होती. त्यानंतरच्या सरकारी अंदाजांनी १,७५,००० चा टप्पा ओलांडला आहे. महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम तालुक्याएवढी ही वस्ती असली तरी दाटीच्या हिशेबाने हा कॅनडातील सर्वांत दाट प्रांत आहे, यावरून उरलेला देश किती मोकळा आहे याची कल्पना यावी. राजधानीत २०२१ मध्ये ३८,८०९ लोक राहत होते.

या आकड्यांमागे मोठा चढउतार आहे. १८९१ मध्ये बेटावर १,०९,०७८ लोक होते. लाकडी जहाजे बांधण्याचा धंदा बसला, तरुण पिढी बॉस्टनच्या बाजूला निघून गेली आणि १९३१ पर्यंत लोकसंख्या सुमारे ८८,००० वर घसरली. १८९१ चा आकडा पुन्हा गाठायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. मुंबईच्या गिरण्यांनी कोकणातील घरे जशी रिकामी केली, तसेच हे घडले. त्यामुळे अलीकडची वाढ तेथील जुन्या लोकांना आनंदाची वाटते आणि गोंधळात टाकणारीही. २०१६ ते २०२१ या काळात सर्व प्रांतांमध्ये सर्वाधिक वेगाने, आठ टक्क्यांनी, वाढला तो हाच प्रांत.

बहुसंख्य कुटुंबे स्कॉटिश, आयरिश आणि इंग्लिश मुळाची आहेत. अकेडियन आणि मिकमॉ यांचा उल्लेख वर आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फेरीवाले म्हणून आलेल्या लेबनीज कुटुंबांनी पुढे दुकाने थाटली आणि त्यांच्यातील जोसेफ गिझ १९८६ मध्ये प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, झाला. पुढे त्याचा मुलगाही त्या पदावर बसला. अलीकडे चीन, फिलिपिन्स, व्हिएतनाम आणि भारत येथून लोक आले आहेत. ओंटारिओमधून स्वस्त जमिनीच्या शोधात आलेले आमिश, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे, शेतकरी पूर्व भागात घोडागाड्या हाकताना दिसतात.

बेटावर न जन्मलेल्या माणसाला तेथे दुरून आलेला असे म्हणतात, आणि चाळीस वर्षे राहूनही हे बिरूद सुटत नाही. हे नेहमीच कुत्सितपणे म्हटले जाते असे नाही. पण आपण कोणाचे, हा प्रश्न तेथे पहिल्या भेटीत विचारला जातो. कोकणात कुठचे तुम्ही असे विचारतात, तसाच हा प्रकार आहे.

भारतीयांना तेथे स्थायिक होणे सोपे आहे, असे ऐकतो. वस्तुस्थिती काय आहे?

काही वर्षे ते इतर प्रांतांच्या तुलनेने सोपे होते, आता तसे राहिलेले नाही. प्रांताला ठरावीक संख्येने लोकांची स्थायी वास्तव्यासाठी शिफारस करता येते आणि लहान प्रांतात स्पर्धा कमी, या हिशेबाने अनेक भारतीय तरुण दुसऱ्या प्रांतांत शिकून येथे नोकरीला आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रांत सरकारने घरांची टंचाई आणि आरोग्यसेवेवरील ताण ही कारणे देऊन शिफारशींत कपात केली. दुकाने, उपाहारगृहे यांसारख्या विक्री व सेवाक्षेत्रातील कामगारांना तिचा मोठा फटका बसला. मे महिन्यात या कामगारांनी, ज्यांत भारतीयांची संख्या मोठी होती, शार्लटटाउनमध्ये ठिय्या दिला आणि उपोषणही केले. दलालाने दिलेल्या आश्वासनावर विसंबून घर गहाण टाकण्यापूर्वी प्रांताचे चालू नियम स्वतः वाचावेत, एवढा सल्ला येथे देणे आवश्यक वाटते.

शिक्षणासाठी शार्लटटाउन येथे १९६९ मध्ये स्थापन झालेले प्रिन्स एडवर्ड आयलंड विद्यापीठ आहे. त्याचे पशुवैद्यक महाविद्यालय नावाजलेले आहे. कौशल्यशिक्षण देणाऱ्या हॉलंड महाविद्यालयाला वर आलेल्या भूमापकाचेच नाव आहे.

बेटाची अर्थव्यवस्था बटाट्यावर चालते, असे का म्हणतात?

देशाच्या एक टक्क्याहूनही कितीतरी कमी भूमीवर कॅनडातील साधारण पाचवा हिस्सा बटाटा पिकतो, म्हणून. सुमारे ८५,००० एकरांवर दरवर्षी लागवड होते. माती भुसभुशीत, उन्हाळा थंडसर, पाऊस हंगामभर विभागलेला आणि हिवाळा किडींना गारठवणारा, असे सारे जुळून आले आहे. पिकाचा सर्वांत मोठा वाटा तळणीच्या कापांसाठी, म्हणजे फ्रेंच फ्राइजसाठी, कारखान्यांत जातो. बाकीचा खाण्यासाठी आणि बियाण्यासाठी. ओलिअरी या गावात बटाट्याचे संग्रहालय असून त्याच्या दाराशी एक प्रचंड बटाटा उभा आहे.

एकाच पिकावर आणि थोड्याच खरेदीदारांवर विसंबण्यात किती धोका आहे, हे २०२१ च्या नोव्हेंबरात दिसले. दोन शेतांत बटाट्यावरील चामखीळ रोगाची बुरशी आढळली. हा रोग माणसाला अपायकारक नाही. पण बुरशीचे बीजाणू जमिनीत दशकानुदशके टिकतात आणि कंदावर गाठी येऊन तो विकण्याजोगा राहत नाही. अमेरिका बंदी घालणार हे दिसताच कॅनडा सरकारने स्वतःच बेटावरून अमेरिकेला होणारी ताज्या बटाट्याची निर्यात थांबवली. पीक उत्तम आले होते, वखारी भरलेल्या होत्या आणि गिऱ्हाईक नव्हते. कोट्यवधी पौंड बटाटा शेतात पसरून, बर्फ उडवणाऱ्या यंत्रांनी त्याचा भुगा करून गोठण्यासाठी सोडून द्यावा लागला. कांद्यावरील निर्यातबंदीचा अनुभव घेतलेल्या लासलगावच्या शेतकऱ्याला त्या चित्रातील वेदना वेगळी सांगायला नको. खाण्याच्या बटाट्याची निर्यात पुढच्या वसंतात सुरू झाली, बियाण्याच्या बटाट्यावरील निर्बंध मात्र नंतरही राहिले.

बटाट्याची दुसरी बाजू जमिनीशी निगडित आहे. त्याच शेतात वर्षानुवर्षे बटाटा घेतल्यास मातीतील सेंद्रिय अंश घटतो आणि उतारावरील माती पावसाने ओढ्यांत जाते. तिच्याबरोबर कीटकनाशके गेली की मासे मरतात. त्यामुळे तीन वर्षांतून एकदाच बटाटा घ्यावा, असा फेरपालटीचा कायदा आहे. मधल्या वर्षांत जव, क्लोव्हर, मोहरी अशी पिके घेतली जातात. बटाट्याखेरीज दुग्धव्यवसाय आणि रानटी ब्लूबेरी यांचेही उत्पन्न आहे.

मासेमारीत काय महत्त्वाचे आहे?

शेवंड. मालवणच्या बाजारात जिला शेवंड म्हणतात, तिची ही थंड पाण्यातील नांगीवाली नातलग. आपल्या शेवंडीला अशा मोठ्या नांग्या नसतात. बेटाभोवतीच्या पाण्याचे विभाग पाडलेले असून बहुतेक किनाऱ्यावर हंगाम मे आणि जून असा दोनच महिन्यांचा असतो. सामुद्रधुनीच्या पश्चिम भागात तो ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो. प्रत्येक परवान्यामागे पिंजऱ्यांची संख्या ठरलेली आहे, लहान शेवंडी आणि अंडी धरलेल्या माद्या परत पाण्यात सोडाव्या लागतात, आणि नवा परवाना मिळत नसल्याने जुना परवाना विकत घेणे ही घर घेण्यापेक्षाही मोठी खरेदी ठरते. पिंजरे टाकण्याच्या पहिल्या दिवशी पहाटे सारे गाव धक्क्यावर होड्यांना निरोप द्यायला जमते.

एकेकाळी शेवंड गरिबाचे खाणे होते आणि शाळेत डब्यात ती नेण्याची मुलांना लाज वाटे, असे जुनी माणसे सांगतात.

कालवांमध्ये मालपेक खाडीचे नाव १९०० च्या पॅरिस प्रदर्शनापासून गाजलेले आहे. १९१५ च्या सुमारास एका रोगाने तेथील जवळजवळ सारी कालवे नष्ट केली. जी तगली त्यांच्या प्रतिकारक्षम संततीतून धंदा पुन्हा उभा राहिला. २०२४ च्या उन्हाळ्यात बेडेक खाडीत एमएसएक्स हा परजीवी प्रथमच आढळल्याने कालवांचे शेतकरी पुन्हा धास्तावले आहेत. माणसाला त्याचा अपाय नाही, कालवांना मात्र तो मारतो. मसल, म्हणजे आपल्या शिनाण्यांचे भाऊबंद, यांची शेती तुलनेने नवी आहे. पाण्यात ताणलेल्या दोरांना जाळीदार मोजे टांगून त्यांत ती वाढवली जातात आणि हिवाळ्यात खाडी गोठल्यावर बर्फ करवतीने कापून खालून काढली जातात. कॅनडात वाढवलेल्या मसलांपैकी बहुतांश येथूनच येतात.

प्रक्रियाकेंद्रांत काम करायला स्थानिक माणसे अपुरी पडतात, म्हणून मेक्सिको, फिलिपिन्स इत्यादी देशांतून हंगामी कामगार आणले जातात. बेटावरील अनेक स्थानिक कुटुंबांचेही वर्ष असेच विभागलेले आहे: काही महिने काम आणि उरलेले महिने केंद्र सरकारचा बेरोजगारी विमा.

एका कादंबरीमुळे पर्यटन वाढले, असे म्हणतात. ती कोणती?

बेटावर जन्मलेल्या लूसी मॉड माँटगोमेरी यांची १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’. एका म्हाताऱ्या भाऊबहिणीने शेतकामासाठी अनाथ मुलगा मागवला आणि आली लाल केसांची बडबडी मुलगी, एवढेच तिचे कथाबीज. ज्या घरावरून लेखिकेला कल्पना सुचली, ते कॅव्हेंडिश येथील घर आज राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे. १९५२ मध्ये जपानी भाषांतर आल्यापासून जपानी वाचकांनी या मुलीला आपलेसे केले आणि हजारो मैलांवरून तेथील माणसे ते घर पाहायला येतात. १९६५ पासून शार्लटटाउनमध्ये या कथेवरील संगीतिका होत आली आहे. कथेतील मुलगी खरी नव्हती, हे काही पाहुण्यांना तेथे गेल्यावर कळते आणि पटत नाही.

पर्यटनाचा हंगाम जुलै-ऑगस्टचा. सप्टेंबरच्या अखेरीस बरीच खाणावळी-दुकाने फलक उलटे करून बंद होतात.

याव्यतिरिक्त पैसा कोठून येतो?

सरकारकडून, असे प्रांजळपणे म्हणावे लागेल. सैनिककल्याण खात्याचे मुख्यालय शार्लटटाउनला आहे. ओटावा परिसराबाहेर मुख्यालय असलेले ते एकमेव केंद्रीय खाते. श्रीमंत प्रांतांकडून केंद्रामार्फत येणारे समानीकरण अनुदानही प्रांताच्या अंदाजपत्रकात मोठे आहे. समरसाइडचा हवाई तळ बंद झाल्यावर त्या जागेवर विमानांचे सुटे भाग व इंजिने दुरुस्त करणारे उद्योग आणले गेले, राजधानीत जैवऔषधांच्या कंपन्या आहेत, आणि वाऱ्याचे म्हणाल तर पश्चिम टोकाला नॉर्थ केप येथे २००१ पासून पवनचक्क्या फिरत आहेत. उरलेली वीज समुद्रतळाशी टाकलेल्या तारांतून न्यू ब्रन्सविकहून येते.

एका विसरलेल्या धंद्याचा उल्लेख करायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फरसाठी चंदेरी खोकड पिंजऱ्यात वाढवण्याची युक्ती येथे साधली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पैदाशीची एकेक जोडी हजारो डॉलरना विकली जाऊ लागली. त्या पैशातून बांधलेली प्रशस्त घरे समरसाइडमध्ये अजून आहेत. फरची हौस ओसरली आणि १९४० च्या दशकात धंदा कोसळला. शार्लटटाउनच्या रस्त्यांवर आज जी खोकडे निवांत हिंडतात, ती मात्र कोणाच्या मालकीची नाहीत.

एवढ्याशा प्रांताला संसदेत किती जागा आहेत?

चार, आणि शिवाय चार सेनेटर. सेनेटरांपेक्षा कमी खासदार कोणत्याही प्रांताला असू नयेत, ही घटनादुरुस्ती १९१५ मध्ये झाली, तिचा हा लाभ. मोठ्या शहरातील एका खासदारामागे जितके मतदार असतात, त्यांच्या तुलनेत येथे फारच थोडे असतात, आणि इतर प्रांत अधूनमधून त्याबद्दल कुरकुरतात. प्रांताच्या विधानसभेत २७ सदस्य आहेत. आमदार किराणा दुकानात भेटतो. तक्रार तेथेच ऐकवली जाते.

तेथील कायदे विचित्र आहेत, असे ऐकले आहे. खरे काय?

१९०८ मध्ये बेटाने घोडे बुजतात म्हणून मोटारींवर पूर्ण बंदी घातली होती, हे खरे. दारूबंदी १९०१ पासून १९४८ पर्यंत होती, हेही खरे. १९८४ ते २००८ या काळात शीतपेये डब्यांत विकता येत नसत, फक्त पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांत विकावी लागत. प्लास्टिकच्या पिशव्यांवर प्रांतभर बंदी घालणारा पहिला प्रांतही हाच, २०१९ मध्ये. शेवटच्या दोन नियमांना विचित्र म्हणावे की दूरदर्शी, हे ज्याने त्याने ठरवावे.

बेट समुद्रात जात आहे काय?

किनारा सरासरी वर्षाला सुमारे तीस सेंटीमीटर मागे सरतो आहे. पण सरासरी फसवी असते. कित्येक वर्षे काहीच होत नाही आणि एका रात्रीत काही मीटर कडा कोसळतो. २४ सप्टेंबर २०२२ रोजी आलेल्या फिओना वादळाने उत्तर किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या कापून काढल्या, लाखो झाडे आडवी केली, कित्येक घरांची वीज दोन आठवड्यांहून अधिक काळ गेली, आणि छायाचित्रांत प्रसिद्ध असलेला चहाच्या कपासारखा दिसणारा तांबडा खडक सकाळी जागेवर नव्हता. पूर्वी हिवाळाभर किनाऱ्यालगतचा बर्फ लाटांना थोपवून धरत असे. आता तो उशिरा धरतो आणि लवकर सुटतो, त्यामुळे हिवाळी वादळांचे तडाखे थेट मऊ खडकावर बसतात.

काही मालकांनी आपल्या जागेपुढे दगडांचे बांध घातले आहेत. लाट तेथून वळून शेजाऱ्याच्या कड्याला लागते आणि समोरची पुळण खरवडली जाते, त्यामुळे त्यावरून भांडणे होतात. शिवाय भरतीरेषेखालील किनारा सर्वांचा असताना बांधामुळे चालायला वाट उरत नाही, ही तक्रार वेगळीच.

वाळूच्या टेकड्यांवर चढू का देत नाहीत?

त्या वाळूला मॅरम नावाचे एक गवत धरून ठेवते. वाऱ्याने वाळू त्याच्यावर साचत गेली की ते आणखी उंच वाढते आणि टेकडीही त्याच्याबरोबर वाढते. वाळू आणि खारे वारे सहन करणारे हे गवत माणसाचे पाऊल मात्र सहन करत नाही. मोजक्या पावलांनी त्याची मुळे तुटतात, तेथे उघडी फट पडते आणि वारा ती रुंदावत नेतो. म्हणून समुद्राकडे जायला लाकडी फळ्यांच्या वाटा बांधलेल्या आहेत. फिओनानंतर त्यांतील कित्येक नव्याने, थोड्या आत सरकवून, बांधाव्या लागल्या.